कापलेला तुकडा गिऱ्हाईकाचा

ती. वन्सं यांना,

घटलेल्या वहिनीचा वाकून नमस्कार. 'वाकून' हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही, आता खरोखरच वाकता येतं. परवा पलंगाखाली गडगडत गेलेलं दोऱ्याचं रीळ मी स्वतः वाकून काढलं. पण ते पाहायला घरात कुणीच नव्हतं, म्हणून रीळ पुन्हा आत सरकवलं, तुमचे बंधू कामावरून येईपर्यंत थांबले आणि त्यांच्यासमोर परत काढलं. ते म्हणाले, "छान. आता माझी चप्पलही काढ, तीही तिथेच आहे." कौतुक करायची तुमच्या घराण्याची ही तऱ्हा मला एव्हाना सवयीची झाली आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला गेला का, की तो आता घरातलाच झाला? आई तुमच्याकडे सुखरूप पोचल्या आणि पोचल्या पोचल्या तुमची फडताळं आवरायला लागल्या, हे कळलं. त्यांना परत पाठवा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लेकीचं घर आहे, हवं तितकं राहावं. इकडे सगळं उत्तम चाललं आहे. (दुकानात उसवायच्या कपड्यांचा ढीग शिवायच्या कपड्यांपेक्षा उंच झाला आहे आणि परवा तो माझ्या अंगावर कोसळला, पण तो वेगळा विषय.)

पत्र लिहायचं कारण तुमची शेजारीण. तिला वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे, तेव्हा तू काय काय सोसलंस ते तिच्यासाठी सविस्तर लिहून पाठव, असं तुम्ही म्हणालात. (शेजारणीची उंची, वजन, गुडघा आणि झोपेत घोरणं याबद्दल तुम्ही जी माहिती दिलीत, ती ऐकून मला एवढंच म्हणायचं आहे की इतकी वर्षं तुमचे कपडे मी शिवते आहे. पण असो. शेजारीण तर शेजारीण.) हे सगळं फोनवर बोलायची सोय नाही, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आई शेजारी. पत्राचंही तसं खरं नाहीच. आई म्हणणारच, "वाच मोठ्यानं," कारण त्यांचा चष्मा इथे खिडकीत राहिला आहे. (परत यायचं असलेलं माणूसच चष्मा विसरतं, असं मी स्वतःला समजावत होते. मग तुम्ही सांगितलंत की त्यांनी तिकडे नवा करायला टाकला.) तर एक करा, कंसातलं गाळून वाचा.

आमचं दुकान तुम्हाला पाठ आहे, पण शेजारणीसाठी सांगते. आम्ही नवे कपडे फारसे शिवत नाही. विकत घेतलेले किंवा जुने कपडे लोकांना होत नाहीत, ते होतील असे करून देतो. सैल करायचे, आत घ्यायचे, उंची कमी करायची, चेन बदलायची. पुढे काउंटर, मधे माझं मशीन, पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा, आणि सगळ्यात मागे एक खोली, जिथे खिडकीपाशी बसून आई कपडे उसवतात. अर्ध्या ब्लेडने. चष्मा नाकाच्या टोकावर, नजर खिडकीबाहेर, तोंडाने कुणाची तरी कंबर कशी सुटली याचं वर्णन, आणि ब्लेड आपलं टाक्याटाक्याने पुढे. (हे मोठ्यानं वाचलंत तरी चालेल.)

तर दुसऱ्यांचे कपडे सैल करता करता मी स्वतः कधी ऐसपैस झाले ते मला कळलंच नाही. शिंप्याच्या अंगावर कपडा कधी घट्ट होत नसतो, हीच तर पंचाईत. माझ्या कपड्यांच्या शिलाईआतलं जास्तीचं कापड, म्हणजे मार्जिन, संपलं तेव्हा मी बाजूंनी पट्ट्या लावल्या. पट्ट्या पुरेनात तेव्हा पट्ट्यांना पट्ट्या लावल्या. पाठमोरी मी एखाद्या अनोळखी देशाच्या झेंड्यासारखी दिसायचे. एका गिऱ्हाईक बाईंना ती फॅशनच वाटली, त्यांनी तसाच एक शिवून मागितला. त्या काटकुळ्या होत्या. त्यांना मी नाही म्हणाले, पण तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

शेवटी निकाल लावला तो एका पँटने. बँकेतले एक गृहस्थ पँटची उंची कमी करायला आले आणि बाकावर बसून राहिले, कारण तीच पँट घालून त्यांना कुठेसं जायचं होतं. आता त्या सुमारास माझं पोट मशीनच्या पाटावर येऊन बसायला लागलं होतं. (बसायला म्हणजे अगदी हनुवटीखाली हात घेऊन, गप्पा मारायला आल्यासारखं.) त्यामुळे सुई मला दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. आवाजावरून शिवायचे. तशी ती टीप मी घातली, गोल फिरवून आणली, दोरा तोडला आणि मोठ्या रुबाबात उठले, तर पँटही माझ्याबरोबर उठली. तिच्या पायाच्या घेराला माझ्या अंगातल्या कपड्याचा पुढचा घोळ शिवला गेला होता. साधा नाही, दुहेरी टीप मारून. म्हणजे त्या गृहस्थांना पँट द्यायची तर मला बरोबर जावं लागलं असतं.

मी तशीच काउंटरपर्यंत गेले. त्यांनी एकदा पँटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "घाई नाही, सावकाश होऊ द्या." माणूस सभ्य. मग मागच्या खोलीत मी उभी, आई स्टुलावर, त्यांचं नाक माझ्या पोटाला टेकलेलं, आणि ब्लेड चालू.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"श्वास आत घे जरा."

"घेतलाय."

"मग हे काय आहे?"

"आई, ही मीच आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की आईंना ब्लेड बाजूला ठेवावं लागलं. ते गृहस्थ पडद्याआडून विचारायला आले की सगळं ठीक आहे ना. (घरी गेल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. नळ बंद केला तेव्हा बाहेरून आई म्हणाल्या, "झालं का? चल, पानं घेतलीत." त्यांना सगळं ऐकू जातं. रडण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, गरम गरम वाढणं. आणि ते लागू पडायचं, हीच तर खरी गोची.)

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे संपावर जाण्याच्या बेतात. पथ्यं मी सगळी करून पाहिली होती. फळांचं केलं, उकडलेल्याचं केलं, नुसत्या सुपाचं केलं. प्रत्येक पथ्यात माझं वजन पाच किलो उतरायचं आणि महिनाभराने दोन पाहुणे घेऊन परत यायचं. म्हणून मग सर्जनांकडे गेलो. मी, तुमचे बंधू आणि आई. आई का, असं कुणी विचारलं नाही. कापायचं काम आहे म्हटल्यावर त्या येणारच.

सर्जन वयाने पोरसवदा आणि अंगाने फूटपट्टीसारखे. त्यांनी कागदावर माझं पोट काढून दाखवलं. भली मोठी पिशवी, तिच्यातून एक उभी रेघ. रेघेच्या अलीकडचं केळ्याएवढं ठेवायचं, पलीकडचं सगळं काढून टाकायचं. मला ती आकृती लगेच कळली. बाहीच ती, वर घेर आणि खाली निमुळती. मी विचारलं, कापल्यावर कड कशी बंद करता? ते म्हणाले, स्टेपल मारतो. मी म्हटलं, स्टेपल? हातशिलाई नाही? शिवाय मार्जिन किती सोडता? ते तुमच्या बंधूंकडे पाहायला लागले. तुमचे बंधू अशा वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात.

तेवढ्यात आईंनी विचारलं, "कापलेलं परत देणार ना?"

शेजारणीला हे कळायचं नाही, म्हणून खुलासा. दुकान काढलं तेव्हापासून आईंचा नियम आहे की पँटचा कापलेला तळ असो, बाहीचा तुकडा असो की कॉलरची चिंधी असो, ती टाचणी लावून कपड्याबरोबर परत द्यायची. कापड गिऱ्हाईकाचं तर तुकडाही गिऱ्हाईकाचा. कधी ठिगळाला लागतो, कधी खिशाला, आणि काहीच नाही तर दुकानदाराने आपलं कापड मारलं नाही याची खूण राहते. गिऱ्हाईकं बाहेर जाऊन तो तुकडा फेकून देतात, पण देणं आमचं काम.

सर्जन म्हणाले, "ते तपासणीला जातं, आजी."

"तपासून झाल्यावर?"

"नंतर त्याची विल्हेवाट लावतात."

"हिला न विचारता?"

सर्जनांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू द्या आई, मला नकोय ते परत. बसमध्ये घरापर्यंत आईंचा चेहरा उतरलेला होता. जिना चढताना एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं भरवलेलं पोट, आणि टाकणार कुठे ते सांगायलाही तयार नाहीत." (त्या दिवशी हे मी चार जणांना सांगून हसले. आत्ता लिहिताना मात्र हात थांबला.)

ऑपरेशनचं विशेष सांगण्यासारखं नाही, कारण मी झोपले होते. त्याआधीचा गाऊन मात्र सांगायला हवा. त्या गाऊनला पाठच नव्हती. नाड्या होत्या, पण त्या एकमेकींना भेटायला तयार नव्हत्या, मधे माझा मुलूख पसरलेला. काखा उलट्या बसवलेल्या. ढकलगाडीवरून मला आत नेत होते आणि मी नर्सबाईंना सांगत होते की काख इंचभर खाली घेतली आणि नाड्यांच्या जागी पट्टा लावला तर कुठल्याही बाईची लाज राहील, मी शिवून देते, नमुन्याला एक द्या. त्या म्हणाल्या, बरं. मग भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, आता आकडे मोजा. मी म्हणे मोजायला लागले, खांदा सोळा, बाही नऊ, छाती पन्नास… आणि कंबर म्हणायच्या आत झोपले. देवानेच लाज राखली, दुसरं काय.

जाग आली तेव्हा घशाला कोरड, खांद्यात कळ, आणि पोटाच्या जागी कुणीतरी तापवून ठेवलेली इस्त्री. पाणी मागितलं तर बाटलीच्या टोपणातून दिलं. पूर्ण पेला नाही, घोट नाही, टोपण. ते प्यायचं, थांबायचं, मग दुसरं टोपण. टोपण घेऊन आई बसल्या होत्या. मी एकीकडे भुलीत बडबडत होते, आणि त्या टोपण भरत होत्या, ओठाला लावत होत्या, हनुवटीवरचा ओघळ पदराने टिपत होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातून एकही थेंब जास्त गेला नाही. (ज्या बाईने जन्मभर 'अजून थोडं' याशिवाय दुसरं काही म्हटलं नाही, ती त्या दिवशी 'पुरे आता' म्हणत होती. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे तेव्हा सुचायला मी शुद्धीवर कुठे होते?)

घरी आल्यावर काही आठवडे सगळं पातळ. गाळलेलं सूप, गाळलेलं दूध, मग शिजवलेल्याचा लगदा. नवीन पोट हे नव्या सुनेसारखं असतं, शेजारणीला सांगा. गप्प असतं, सगळं ऐकून घेतं आहे असं वाटतं, आणि मग एक दिवस सगळ्यांदेखत उलटून बोलतं.

माझं बोललं ते दुकानात. आईंना वाटलं, पोरीच्या तोंडावरचं तेज गेलं. (गेलं होतंच. केसही जात होते. उशीवर सकाळी एवढे केस असायचे की आधी मला वाटलं मांजर झोपून गेलं.) म्हणून त्यांनी माझ्या सुपात गुपचूप साय घातली आणि सायीत साखर. चव मला कळली, पण ती इतक्या दिवसांनी भेटली होती की मी तिला ओळख दाखवली नाही, सरळ पिऊन टाकली. त्यानंतर पडद्यामागे एक वकीलबाई नव्या कोटाचं फिटिंग बघायला उभ्या होत्या. मी त्यांच्या अंगावर टाचण्या लावत होते. पाठीला लावून झाल्या, बगलेत लावून झाल्या, आणि एकदम छातीत धडधड, कपाळाला घाम, पोटात असा काही मुरडा की तोंडातल्या टाचण्या हातात थुंकून मी जी मागच्या दाराने धावले ती धावलेच. वकीलबाई आत अडकल्या. बसता येईना, हात खाली करता येईना, कोट काढता येईना. दोन्ही हात आडवे पसरून त्या उभ्या होत्या आणि आई बाहेरून त्यांना धीर देत होत्या, "येईलच ती, नवीन पोट आहे तिचं." त्या बाईंना काय समजायचं ते त्या समजल्या. कोट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी बाळासाठी मोजे आणले होते.

या प्रकारानंतर आम्हा दोघींना आहारतज्ज्ञ बाईंनी समोर बसवलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी नियम घालून दिले. लहान घास, खूप चावायचा, पोट भरायच्या आधी थांबायचं, आणि जेवताना गप्पा नाहीत. लक्ष घासावर हवं. गप्पांत माणूस जास्त खातं, असं त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं आहे, माझ्याइतका त्याचा पुरावा दुसरा नसेल. लग्न होऊन आल्यापासून दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत एका डब्यातून जेवत होतो. कोण फुगलं, कोण वाळलं, कुणाचं नवऱ्याशी बोलणं बंद आहे, हे सगळं आम्हाला शिलायांवरून कळायचं आणि ते पोळीबरोबर संपवायचं. शेवटचा घास आई माझ्याकडे सरकवायच्या, "संपव गं, उगाच उरतोय." तो उगाच उरणारा घास गुणिले इतकी वर्षं, बरोबर मी.

मग नियम पाळायचा तर नीट पाळायचा. मी माझी वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. आई दोन-चार दिवस समोर बसल्या, काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या, मी बोट वर करायचे. मग त्या आपला डबा घेऊन पुढे काउंटरवर बसायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं, सोय झाली.

आणि वजन उतरलं, वन्सं. खरोखर उतरलं. मशीनवर बसल्यावर मला सुई दिसली, त्या दिवशी मी नुसतीच एक चिंधी घेऊन सुईकडे बघत शिवत बसले. साखर खाली आली, गुडघे कामावर रुजू झाले. शेजारणीला सांगा, बिनधास्त करून घे. फक्त एक सांगा, पोट कापतात पण डोक्यात चढणारं कापत नाहीत. माझ्या डोक्यात ते चढलं. गिऱ्हाईकं मला न ओळखता विचारायची, "त्या जाड्या बाई कुठे गेल्या?" मी म्हणायचे, "त्या गेल्या." एवढं म्हणून आत जाऊन आरशात बघायचे.

मग माझे सगळे कपडे आत घ्यायला काढले. आई उसवत होत्या, मी नव्याने टीप घालत होते, जुन्यासारखं चाललं होतं. टीप घातल्यावर आतलं जास्तीचं कापड मी कात्रीने कापायला घेतलं, तर आईंनी हात धरला. "राहू दे की आत. आत असलं की कुणाला दिसत नाही. लागलं कधी तर असावं." त्या हे दुकानातल्या प्रत्येक कपड्याला म्हणतात. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या. पण मला त्या क्षणी वाटलं की हे मलाच आहे. मी म्हटलं, "तुम्हाला मी परत फुगायलाच हवी आहे ना? नाहीतर भरवणार कुणाला?" आणि करकरा सगळं मार्जिन कापून टाकलं, एकेका कपड्याचं, त्यांच्या डोळ्यांदेखत. तुकडे त्यांच्यासमोर टाकले. म्हटलं, "घ्या, गिऱ्हाईकाला परत द्या."

त्यांनी हातातल्या कपड्याची घडी घातली. ब्लेड डबीत ठेवलं, मांडीवरचे दोरे झटकले. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. निघताना म्हणाल्या, "तुझं आता सगळं बेतशीर झालंय. चार दिवस लेकीकडे जाऊन येते." तुमचे बंधू त्या वेळीही कॅलेंडर वाचत होते. (त्यांनी अजून मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फक्त रोज रात्री जेवताना म्हणतात, "आज घर शांत आहे नाही?" रोज म्हणतात.)

तर असा हा वृत्तान्त. शेजारणीला काही शंका असतील तर कळवा. आईंना सांगा, दुकान व्यवस्थित चाललं आहे, कुणाचंही काही अडलेलं नाही. तुमच्या गुडघ्याला शेक द्या, यजमानांच्या खोकल्याला मध. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि मधल्यांनी आपापलं वजन सांभाळावं.

तुमची,
(आता एका खुर्चीत मावणारी) वहिनी

ता. क. वर लिहिलं की कुणाचंही काही अडलेलं नाही, ते तितकंसं बरोबर नाही. परवा एक कोट मी स्वतः उसवायला घेतला आणि शिलाईबरोबर कापडही कापलं. पाठीवर, मधोमध. त्यावर आता मी एक शोभेची पट्टी लावली आहे आणि गिऱ्हाईकाला फॅशन आहे म्हणून सांगणार आहे. आणखी एक. किलोभर परत आलं आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं चालायचंच. पण एकाही कपड्यात एवढंसुद्धा कापड शिल्लक नाही, त्यामुळे हे पत्र मी श्वास धरून लिहिलं आहे.

दुसरा ता. क. दुकानासमोरचा कुत्रा तुम्हाला आठवत असेल, तो करड्या कानाचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तो हल्ली फाटकाच्या गजांतून आत येऊ शकत नाही. अडकतो. मला वाटलं, म्हातारा झाला असेल. पण आई गेल्यापासून तो रोज दुपारी आमच्या जेवायच्या वेळेला काउंटरसमोर येऊन बसतो, आणि मी दिसले की मागे बघतो, दुसरं कुणी येतंय का म्हणून. माझी वाटी हातातच राहिली, वन्सं. म्हणजे आईंचा डबा रोज रिकामा घरी यायचा तो असा. समोरासमोर बसून बोलायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांना घास जात नसणार, आणि मी भिंतीकडे तोंड करून चावत बसले होते, मोठ्या शिस्तीने. त्या निघाल्या तेव्हा त्यांचा स्वेटर दोनदा खांद्यावरून घसरला. दुसऱ्यांच्या अंगावर इंचाचा फरक मला दारातून दिसतो. हा मी पाहिला, आणि लोकर जुनी झाली असं समजून गप्प बसले.

तिसरा ता. क. एक काम आहे. आईंचं माप घेऊन पाठवा. त्यांच्यासाठी थंडीचा कोट बेतायला घेते आहे, असं त्यांना सांगा. खरोखरच घेते आहे, कापड आणून ठेवलं आहे. खांदा, छाती, कंबर, तिन्ही. टेप सैल धरू नका आणि त्यांना श्वास फुगवून धरू देऊ नका, त्या फुगवतील. जुनं माप मला पाठ आहे. कंबर त्याच्यापेक्षा कमी आली तर पत्र पाठवत बसू नका, फोन करा, मी स्वतः न्यायला येते. तेवढीच आली तर परत एकदा मोजा. आणि जास्त आली, म्हणजे तुमच्याकडे त्या पोटभर जेवतात, गप्पा मारतात, हसतात, तर मला आनंदच आहे. पण मग मात्र माझ्याने अजिबात थांबवणार नाही, पहिल्या गाडीने येते.